मावशी ठाण्यात गेली होती

आमच्या पाड्याचा आणि पोलीस ठाण्याचा संबंध एकाच बाजूने यायचा. तिकडून बोलावणं आलं की जायचं. पोलीस पाटील निरोप घेऊन यायचा, की ज्याला बोलावलंय तो डोक्याला फडकं गुंडाळून निघायचा, आणि तो वळणाआड होईपर्यंत घरची माणसं दारात उभी राहायची. आपण होऊन ठाण्यात जावं, बाकावर बसावं, ‘माझी नोंद तुमच्याकडे आहे, तिची नक्कल द्या’ असं म्हणावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मी केलं. पाड्यातली पहिली बी.ए. मी, आणि ठाण्यातून नक्कल आणणारीही पहिली मीच. दोन्हींत अवघड कुठलं म्हणाल, तर दुसरं. बी.ए.ला निदान गाइड तरी मिळतं.

पण खरं सांगायचं तर आपण होऊन ठाण्याची पायरी चढणारी माझ्या आधी एक बाई होऊन गेली होती. माझी मावशी. फरक एवढाच, की ती गेली होती यावर कुणाचा विश्वास नव्हता.

मावशी म्हणजे माझ्या आईची पाठची बहीण. आमच्यापासून ओढा ओलांडून पुढच्या पाड्यावर दिलेली. भात झोडून झालं की आमच्याकडची निम्मी माणसं खाली उतरतात, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला. मुकादमाची गाडी येते, त्यात चढतात, आणि होळीला परत येतात. दिवाळीला कुणी आलं नाही तरी चालतं, होळीला मात्र यावंच लागतं. तिचा नवराही दरवर्षी जायचा. त्या वर्षी पोर लहान म्हणून मावशी घरी राहिली होती. होळीला सगळे आले, तो आला नाही. कुणी म्हणालं, तो दुसऱ्या बागेवर गेला. कुणी म्हणालं, नाशकात स्टँडवर दिसला होता. मुकादम म्हणाला, घरी जातो म्हणून माझ्याकडून सुटला, पुढचं मला माहीत नाही.

मी तेव्हा नाशिकला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, वसतिगृहात. मला ही बातमी कळली तेव्हा उन्हाळा लागला होता. सुट्टीत गेले तर मावशी म्हणाली, “पोलिसात लिवून आली मी.” बाजाराच्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन एकटीच गेली होती. तिच्या बोलण्यात एवढा भरवसा होता, की मलाही वाटलं, आता काय, सरकारनं लिहून घेतलंय, सापडेल.

तो सापडला नाही.

वर्षं गेली. मी बी.ए. झाले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि गंगापूर रोडला एका खाजगी क्लासच्या ऑफिसात लागले. माझी मावसबहीण आश्रमशाळेत वरच्या वर्गात गेली. मावशीची सासू वारली, धाकट्या दिराचं लग्न झालं, त्याला पोरं झाली. मावशी तिथंच, त्याच घराच्या एका बाजूला वेगळी चूल करून राहत होती. कपाळाला कुंकू लावत होती. खाचराचं भात ती आणि दीर मिळून लावत, पण सातबाऱ्यावर दोन भावांची नावं होती आणि मावशीचं कुठंच नव्हतं. पोरगी मोठी होत होती. मावशीला तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं खाचर आपल्या आणि पोरीच्या नावावर हवं होतं.

मी नाशकात एका वकिलीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस इतकी वर्षं बेपत्ता असेल तर कोर्टातून होतं काम. पण तेव्हाच पोलिसात नोंद केली होती याची नक्कल लागेल, आणि भावाची हरकत नको.

आता हा दीर. त्याला मी काकाच म्हणते. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. चौथीपर्यंत शाळेत गेलेला, त्यामुळे आमच्याकडच्या त्याच्या वयाच्या लोकांत शिकलेला. पोलीस पाटलाच्या ओट्यावर चार माणसं जमवून मी विषय काढला, तसा तो उसळला.

“सही करू? म्हंजे माझा भाऊ मेला असं मी लिवून देऊ?”

“मेला असं नाही काका. बेपत्ता आहे असं.”

“बेपत्ता हाय तर पोलिसात सांगतात माणसं.”

“मावशीनं सांगितलंय.”

“कवा? कुणी पायलं?” तो मावशीकडं वळला. “वयनी, तू ठाण्यात गेलतीस? कागद दाव. कागद दाव, उद्या सही करतो, तलाठ्याच्या पुढं करतो. नायतर मग...” इथं तो थांबायला हवा होता, पण थांबला नाही. “नायतर मग तुलाच ठाव, तो का गेला आन तू का नाय शोधलं.”

ओट्यावरच्या बायांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही मनात ते होतंच, एवढं मला तेव्हा कळलं. बाजारातून आल्यावर ती काय म्हणाली ते कुणी मनावर घेतलंच नव्हतं. बाई माणूस एकटी पोलिसात कशाला जाईल? बाजारात फिरून आली असेल, रडून आली असेल.

मावशी एवढंच म्हणाली, “मी गेलते.” आणि उठून गेली.

नक्कल आणायची हे मला ठरवावं लागलं नाही. ते आपोआप ठरलं.

माझ्या पहिल्या अर्जाला मी दोन संध्याकाळी घातल्या. क्लास सुटल्यावर ऑफिसच्याच टाइपरायटरवर बसले. प्रति, माननीय पोलीस निरीक्षक. विषय. महोदय. मावशीच्या नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पाडा, तालुका. साल मला माहीत होतं, कारण ते माझ्या कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. आमच्याकडे साल कुणी लक्षात ठेवत नाही. पोरीला दात येत होते, मोठ्या वाऱ्यानं शाळेचे पत्रे उडाले होते, असं सांगतात. पण माझ्या गुणपत्रिकेवर साल होतं. खाली मावशीच्या अंगठ्यासाठी जागा सोडली आणि दोन प्रती काढल्या. एक द्यायची, एकीवर शिक्का घ्यायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वसतिगृहाच्या ऑफिसात तीन वर्षं शिष्यवृत्तीचे अर्ज करून करून आलं होतं.

ठाण्यात आम्ही दोघी गेलो. टेबलाशी एक हवालदार आणि बाजूला एक तरुण शिपाई.

“काय झालं?”

“काही झालं नाही. एका नोंदीची नक्कल पाहिजे.”

“कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. आम्हीच आलो.”

हे त्याला जरा जड गेलं. “वकील हाय का तुम्ही?”

“नाही. बी.ए. आहे.”

शिपाई हसला. “घ्या. आता कोंबडी हारपली तरी बीए येणार अर्ज घेऊन.”

“कोंबडी हरवली तर येऊच,” मी म्हणाले. “हे माणूस आहे.”

हवालदारानं अर्ज घेतला. मी दुसरी प्रत पुढं केली. “पोच द्या यावर. सही, शिक्का, तारीख.”

“आमच्यावर भरवसा नाय का?”

“भरवसा आहे म्हणून तर शिक्का मागते. नसता तर वर साहेबांकडे गेले असते.”

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, ड्रॉवर उघडला आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मावशीनं तो शिक्का बोटानं चाचपला. ओला होता, बोटाला जांभळा लागला. तिनं तो पदराला पुसला नाही.

पुढं बरेच दिवस काहीच नाही. मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. ऑफिसात पेपर यायचा, त्यात मी तो वाचला, कात्रण कापून ठेवलं, आणि दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून दुसरा अर्ज टाकला. या वेळी उत्तर आलं, लेखी, टपालानं, ऑफिसच्या पत्त्यावर. ‘आपण नमूद केलेल्या नावाच्या इसमाबाबत कोणतीही नोंद या ठाण्याच्या अभिलेखावर आढळून येत नाही.’

रविवारी पाड्यावर गेले. काका अंगणात बैलाच्या शिंगाला तेल लावत होता.

“काय गं बीए? आला का कागद?”

“आला.”

“काय म्हणतो?”

मी खोटं बोलत नाही. “नाही म्हणतो.”

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो बैलाकडं तोंड करून म्हणाला, “मला ठाव होतं.” आणि पुन्हा तेल लावायला लागला. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मावशी बांधावर गवत कापत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पत्र वाचून दाखवलं. तिचा विळा थांबला नाही.

“मी गेलते,” ती म्हणाली.

“मावशी, मला माहीत आहे. पण मला सगळं सांग. पार पहिल्यापासून. आत गेलीस, मग काय झालं? काय दिसलं?”

मग तिनं विळा खाली ठेवला. दारात शिरताना पोर रडत होती. टेबलाशी एक जाड मिशीवाला पोलीस पेरू खात होता. त्यानं पेरूची फोड पोरीला दिली, तशी ती गप झाली आणि टेबलावरची त्याची टोपी ओढायला लागली. मावशीनं सांगितलं, पोरीचा बाप बागेवर गेला तो आला नाय. त्यानं मोठी वही काढली.

“मग म्हणला, नाव सांग.”

“मग?”

“मग काय? मी म्हणलं, हिचा बाप.”

“नाव नाही सांगितलंस?”

“तो म्हणला, हिचा बाप म्हंजे कोण? त्याला नाव हाय का नाय? म्हणलं, हाय ना, चांगलं हाय. मग सांग की, म्हणला. मी कशी सांगू?” मावशीनं नाकाला पदर लावला, आणि एवढ्या वर्षांनीही लाजली. “तो म्हणला, माझ्या कपाळावर लिवलंय का? मग दुसरा एक होता, तो म्हणतो, बाई, उखाण्यात घ्या. मी म्हणलं, लगीन लागलंय का हितं?”

मला हसू आलं. “मग? नाव लिहिलं की नाही त्यानं?”

“लिवलं. न लिवून कसं? मी त्याला खूण दिली.” आणि तिनं दिराचं नाव घेतलं, सहज, रोज हाक मारते तसं. “म्हणलं, ह्याचा थोरला भाऊ.”

धाकट्या दिराचं नाव घ्यायला आमच्याकडे बंदी नाही. त्याला तर तिनं लग्न होऊन आली तेव्हापासून हाका मारमारून जेवायला वाढलेलं. नवऱ्याचं नाव मात्र तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. तो घरात असताना नाही, तो गेल्यावर तर मुळीच नाही. नवरा दूर असताना बाईनं नाव घेतलं तर त्याला वाटेत काही होतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. म्हणजे ज्या दिवशी ते नाव सांगायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी ते तोंडातून काढायची तिला सगळ्यात जास्त भीती.

मी तिथंच बांधावर तिसरा अर्ज मनात लिहायला घेतला. या वेळी नाव टाकायचं नाही. फक्त महिना आणि साल. ‘या कालावधीतील माणसे हरवल्याच्या सर्व नोंदींची मला समक्ष पाहणी करू द्यावी.’ कायद्यात पाहणीची सोय आहे. पेपरातल्या कात्रणात ते एका ओळीत होतं, आणि त्या ओळीखाली मी पेननं रेघ मारली होती.

पाहणीच्या दिवशी कारकून हवालदारानं गठ्ठा आणून टेबलावर टाकला. वर धूळ, सुतळी कुजलेली. हा हवालदार पहिल्या वेळचाच. “बसा बीए मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही काय आता सोडत नाय.” मी मिसिंगचं रजिस्टर उघडलं. मावशी शेजारी बसली होती, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी.

तिसऱ्या-चौथ्या पानावर पाड्याचं नाव दिसलं. खबर देणार: मावशीचं नाव, आणि त्यापुढं डाव्या अंगठ्याचा ठसा. मी तो ठसा तिला दाखवला. तिनं आपला अंगठा उचलून त्याच्याशेजारी धरला, जुळतो का बघायला.

“हाच,” ती म्हणाली.

हरवलेल्या इसमाचं नाव: तिथं काकाचं नाव होतं. काकाचं, त्याच्या बापाच्या नावासकट. मिशीवाल्यानं ‘ह्याचा थोरला भाऊ’मधलं जे नाव ऐकू आलं तेवढं घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. हे नाव दिराचं, असं मी सांगितल्यावर वाकून बघणारा हवालदार मोठ्यानं हसला. “म्हंजे तुमचा दीर हरवलाय होय! अन मी तुमच्या मालकाच्या नावानं कपाटं पालथी घालतोय.” मीही हसले. सापडलं होतं ना. ती आली होती. शाईनं लिहिलेलं होतं.

मग मी खालची ओळ वाचली. ती वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं लिहिलेली होती. ‘चौकशी केली असता सदर इसम राहते घरी मिळून आला. मिसिंग बंद करण्यात येत आहे.’

“काय लिवलंय?” मावशीनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. मग साध्या भाषेत सांगितलं. ठाण्यातून माणूस आला होता. त्यानं वहीतल्या नावाचा माणूस शोधला. तो घरीच होता. म्हणून शोध थांबवला.

हवालदाराचं हसणं आपोआप बंद झालं. मावशी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिली, वाचता येत असल्यासारखी.

“म्हंजे त्याला शोधलंच नाय कुणी,” ती म्हणाली.

हवालदारानं शिपायाला चहा सांगितला. ठाण्यात आम्हांला चहा मिळाला तो तेव्हा. मावशीनं तो पिऊन संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि मला म्हणाली, “नक्कल घे. दोन्ही शाया येऊ दे त्यात.”

ती दोन्ही शाया म्हणाली. जी तिच्या बाजूची होती तीही, आणि जी नव्हती तीही. मला तेव्हा तिचा जो अभिमान वाटला, तसा मला माझ्या पदवीच्या दिवशी स्वतःचा वाटला नव्हता.

साक्षांकित नक्कल घेऊन आम्ही थेट काकाकडं गेलो. तो जेवून उठत होता.

“काका,” मी म्हणाले, “तू बेपत्ता आहेस.”

“कोण मी?”

“हो. सरकारी कागद आहे. तू हरवलास आणि मग सापडलास.”

त्यानं हात धुतले, कागद घेतला, उजेडाला धरला. चौथीची अक्षरं, बोट ठेवून ठेवून वाचत गेला. आपल्या नावाशी आला, तसा म्हणाला, “ह्ये कसं काय?” मग अंगठ्याशी. मग खालच्या ओळीशी. तिथं त्याचं बोट थांबलं.

“पोलीस आलता,” तो हळूच म्हणाला.

“कधी?”

“त्याच उन्हाळ्यात. फटफटीवर. मला म्हणला, तूच का तो? म्हणलं, व्हय. घरीच हायेस का? म्हणलं, व्हय. म्हणला, कर सही. केली. गेला.”

“अरे, मग सांगितलं का नाय घरात?” मावशी म्हणाली.

काकानं कागदावरचं बोट काढलं नाही. “घराच्या मागं मोहाच्या दारूची भट्टी लावलेली व्हती. मला वाटलं, त्याच्यासाठीच आलाय. गेला तवा इतकं हलकं वाटलं... मी कशाला कुणाला सांगतोय?”

मला वाटलं, आता मावशी बोलेल. इतक्या वर्षांचं बोलेल. ओट्यावर तो जे बोलला होता त्याची परतफेड करायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती. ती म्हणाली, “पाणी पी.” तो पाणी प्यायला. मग म्हणाला, “वयनी, सही कुठं करू सांग.”

पण सहीच्या आधी ठाण्याचं काम होतं. बंद झालेली नोंद उघडायची, खरं नाव घालायचं, तर मावशी आणि काका दोघांचे जबाब हवेत, असं तिथल्या नव्या फौजदारानं सांगितलं. तरुण माणूस होता, आदबीनं बोलायचा. जाताना एसटीत मी मावशीला वाटभर समजावत होते. आता एकदाच. हळू म्हण. माझ्या कानात सांगितलंस तरी चालेल. तुझ्या तोंडून नाव गेलं की पुन्हा घोळ नको. ती खिडकीबाहेर बघत ‘हं, हं’ करत होती. मला वाटलं, पटलं.

फौजदारानं कागद पुढं ओढला. “मावशी, तुमच्या मालकाचं नाव सांगा.”

मावशीनं पदर सारखा केला. “ह्याला इचारा,” ती दिराकडं मान करून म्हणाली.

“जबाब तुमचा आहे, मावशी.”

“जबाब माझाच हाय. मी सांगते ना सगळं. कवा गेला, कुणासंग गेला, कंच्या रंगाचा सदरा व्हता, सगळं लिवा. नाव तेवढं ह्याच्या तोंडून घ्या. ह्यानं भावाचं नाव घेतलं तर काय व्हत नाय.”

मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मला रागच आला. इतकी खटपट केली, कायदा वाचला, रजा टाकल्या, आणि ही शेवटच्या पायरीवर पुन्हा तिथंच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती फौजदाराला म्हणाली, “साहेब, तो जिता असल तर मी त्याला राखला पायजे. नसल, तर मग घाई कशाची हाय?”

बी.ए.ला असं काही नव्हतं.

फौजदारानं पेन वर केलं आणि काकाकडं बघितलं. काका उठून उभा राहिला. खरं तर बसून सांगितलं तरी चाललं असतं. पण तो उभा राहिला, टोपी सरळ केली आणि भावाचं नाव घेतलं; नाव, बापाचं नाव, आडनाव, मोठ्यानं, डोंगराच्या या अंगावरून त्या अंगावरच्या माणसाला हाक मारतात तसं. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. मावशी मान खाली घालून ऐकत होती. तिच्या समोर कुणी ते नाव असं पुरतं घेऊन फार वर्षं झाली असतील.

फौजदारानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. बरोबर होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. पुन्हा शोध झाला, बागांवर विचारपूस झाली, पण इतक्या उशिरा कोण काय सांगणार? तो मिळाला नाही, आजतागायत नाही. कोर्टाचं काम रेंगाळलं, पण झालं. खाचर मावशीच्या आणि पोरीच्या नावावर आहे. मावसबहीण पुढं नर्सिंगला गेली. आता हरसूलपासून पेठपर्यंतची माणसं माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला येतात. कुणाची अपघाताची नोंद, कुणाच्या गुरांची चोरी. मी त्यांना शिक्क्याचं सांगते, दोन प्रतींचं सांगते, आणि सगळ्यांत आधी विचारते: त्या दिवशी ठाण्यात बोललं कोण होतं? बायको बोलली असेल तर नुसत्या नावानं मागू नका, महिन्यानं मागा. हे कुठल्याही कात्रणात छापलेलं नाही. हे आमचं आहे.

त्या दिवशी जबाब होऊन आम्ही बाहेर आलो, तर एसटीला वेळ होता. तिघं थांब्यावर चिंचेखाली बसलो. मावशीनं पिशवीतून जुन्या नोंदीची नक्कल काढली आणि ती मला न देता दिराला दिली.

“वाच.”

“वाचलीय ना, वयनी.”

“मोठ्यानं वाच. माझा अंगठा हाय तिथलं.”

थांब्यावर आमच्याच बाजूची पाचसहा माणसं होती. पोलीस पाटलाच्या ओट्यावर त्या दिवशी बसलेली एक बाईही होती, डोक्यावर गाठोडं घेऊन. काकानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा मावशीकडं. मग कागदावर बोट ठेवलं.

“खबर देणार बाई...” त्यानं मावशीचं नाव वाचलं. “ही स्व... स्वतः... समक्ष... ठाण्यात हजर राहून...”

“काय म्हंजे?” मावशी म्हणाली. तिला कळलं होतं. मी तिला दहा वेळा सांगितलं होतं.

“म्हंजे तू सोता गेलतीस,” काका म्हणाला.

“मग तसं म्हण.”

त्यानं घसा साफ केला. “वयनी सोता गेलती ठाण्यात,” तो म्हणाला, थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. गाठोडंवाली बाई पुढं सरकली आणि त्या कागदावर वाकून बघायला लागली.